जलदुर्ग आणि आरमार

आदिलाबाद जिल्ह्यातील विद्यार्थ्याला समुद्राची पहिली ओळख होते ती बहुधा भूगोलाच्या पुस्तकात. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, आणि प्राणहितेचे पाणी गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरास जाते. म्हणजे पाणी येथून समुद्राकडे जाते. आपण मात्र क्वचितच जातो. अशा स्थितीत आरमाराचा इतिहास आपण का अभ्यासावा, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. याचे उत्तर असे की, देशाचे रक्षण करणारी भिंत नेहमीच आपल्या अंगणातून दिसते असे नाही. ती पडली म्हणजे मात्र सर्वांत आतल्या खोलीतही वारा शिरतो. मराठ्यांच्या आरमाराचा उदय आणि अस्त पाहिला असता या म्हणण्याची सत्यता पटते.

प्रथम आरमाराचे कार्य काय, ते पाहू. ज्या देशाच्या चारी बाजूंस समुद्र आहे त्याला आरमार ही चैनीची वस्तू नसून प्राणाधार असते. इंग्लंडचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १५८८ साली स्पेनचे प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आले. ते किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीच इंग्रजांनी त्याला समुद्रावर गाठले. पुढे वादळाने उरलेले काम केले. आपल्या दक्षिणेस असलेल्या श्रीलंकेनेही १९४८ साली स्वातंत्र्य मिळताच स्वतःच्या नौदलाचा विचार आरंभिला व १९५० साली ते उभे केले. शत्रूला किनाऱ्यावर पाय ठेवू न देणे, व्यापारी जहाजांच्या वाटा सुरक्षित राखणे, आणि समुद्रावर पोट भरणाऱ्या कोळ्यांना व खलाशांना अभय देणे, ही बेटावरील राष्ट्राच्या आरमाराची तीन मुख्य कामे होत.

शिवाजी महाराजांचे राज्य बेटावर नव्हते. तथापि त्याचा पश्चिम भाग जे कोकण, ते एका अर्थी बेटांसारखेच आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि मध्ये खाड्यांनी तुकडे पाडलेली चिंचोळी पट्टी. किनाऱ्यालगत खडकाळ बेटे विखुरलेली. या पट्टीत एका गावाहून दुसऱ्या गावास जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाणी. हे पाणी ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात कोकण.

सतराव्या शतकाच्या मध्यास हे पाणी कोणाचे होते? १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले. तेव्हापासून समुद्र हा आपल्याच मालकीचा आहे असे ते मानू लागले. त्यांचा परवाना, ज्यास ते कार्ताझ म्हणत, घेतल्यावाचून कोणाही देशी व्यापाऱ्याने जहाज हाकारू नये, असा त्यांचा नियम होता. परवाना नसलेले जहाज ते जप्त करीत. ज्या बादशहांच्या नावाने जमिनीवर खुतबा पढला जाई, त्यांच्या प्रजेलाही समुद्रावर पोर्तुगीजांच्या कागदावाचून चालत नसे. दुसरी सत्ता जंजिऱ्याच्या सिद्दीची. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावरील अभेद्य किल्ल्यात सिद्दीचे ठाणे होते. त्याची गलबते किनाऱ्यावरील गावांवर अकस्मात येत, गावे लुटीत, जाळीत आणि माणसे धरून नेऊन गुलाम म्हणून विकीत. घोडदळ कितीही शूर असले तरी पाण्यात निघून गेलेल्या शत्रूचा पाठलाग ते कसे करणार?

हे ओळखणारा पहिला मराठा राज्यकर्ता म्हणजे शिवाजी महाराज. १६५७ च्या अखेरीस कल्याण व भिवंडी हाती येताच त्यांनी जहाजबांधणी सुरू केली. १६५९ साली गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी आपल्या राजाला जे कळविले, त्यात कल्याण, भिवंडी व पनवेल येथे शिवाजी लढाऊ नौका बांधवीत असल्याचा उल्लेख आहे, आणि त्या नौका खाडीबाहेर पडू देऊ नयेत अशी चिंताही आहे. या कामासाठी महाराजांनी पोर्तुगीज कारागीर नोकरीस ठेवले होते. त्यांचा मुख्य रुई लैतांव व्हिएगस नावाचा होता. परंतु वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने समजूत घालताच हे लोक काम अर्धवट टाकून निघून गेले. येथे कोणी दुसरा असता तर त्याने हात टेकले असते. महाराजांनी मात्र आपल्याच सुतारांकडून व लोहारांकडून काम पुढे चालविले. परक्यांची विद्या शिकावी, पण तिच्यासाठी परक्यांवर अवलंबून राहू नये, हा धडा आरमाराने आरंभीच घेतला.

तथापि नुसत्या नौका बांधून भागत नाही. नौकेला घर हवे. पावसाळ्यात पश्चिम समुद्र खवळतो आणि ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत शिडाची लहान जहाजे बाहेर काढणे धोक्याचे असते. त्या काळात ती कोठे ठेवावयाची? फुटलेले तळ कोठे दुरुस्त करावयाचे? शत्रू पाठीस लागला तर कोणाच्या तोफांच्या आश्रयास जावयाचे? या सर्व प्रश्नांचे उत्तर म्हणजे जलदुर्ग.

मालवणजवळील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ झाला आणि सुमारे तीन वर्षांत तो पुरा झाला. बेटाच्या कडेने वळणे घेत जाणारा त्याचा तट जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा आहे. लाटांचा मार जेथे बसतो तेथे पायाचे दगड शिसे ओतून पक्के केले. प्रवेशद्वार असे आडवळणी की, नवख्याला ते समोर जाईपर्यंत दिसू नये. सभोवती खडकांचे जाळे असल्यामुळे वाट ठाऊक असलेल्या नावाड्यालाच तेथे सुखरूप पोहोचता येते. आणि सर्वांत मोठे नवल म्हणजे खाऱ्या समुद्राने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव व साखरबाव या नावांच्या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. गोड्या पाण्यावाचून जलदुर्ग म्हणजे केवळ दगडांची रास, हे आदिलाबादच्या उन्हाळ्यात पाणी भरणाऱ्याला निराळे सांगावयास नको. याच सुमारास व पुढे सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग बळकट झाले, जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा राहिला व अलिबागेस कुलाब्याच्या किल्ल्याचे काम सुरू झाले. अशा रीतीने किनाऱ्यावर किल्ल्यांची एक माळ तयार झाली.

या आरमाराचा पहिला मोठा प्रवास १६६५ च्या फेब्रुवारीत झाला. महाराज स्वतः मालवणहून जहाजात बसून कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील बसरूर या श्रीमंत बंदरावर गेले. त्यांच्याबरोबर ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या पत्रांत नमूद आहे. सह्याद्रीच्या कड्याकपारीत वाढलेला राजा समुद्रावर स्वार झाला, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

आता या नौकांचे स्वरूप पाहू. मराठी आरमारातील प्रमुख जहाज म्हणजे गुराब. हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ कावळा असा होतो. गुराबेला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. मोठी गुराब सुमारे ३०० टनांची, लहान त्याच्या निम्मी. तिचा नाळेकडील भाग निमुळता व पुढे आलेला असून त्यावर समोर मारा करणाऱ्या तोफा बसविलेल्या असत. दुसरे जहाज म्हणजे गलबत. हे सहसा ७० टनांहून मोठे नसे. परंतु त्याला शिडांबरोबरच चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांची उंच जहाजे पाण्यात खिळल्यासारखी उभी राहत. गलबते मात्र वल्ह्यांच्या जोरावर हिंडत, गुराबांना दोरखंडाने ओढून शत्रूच्या पिछाडीस आणीत, कारण त्या बाजूस तोफा थोड्या असत. संकट आले की ही उथळ तळाची जहाजे खाडीत शिरत आणि खोल तळाच्या जहाजांना तोंडाशीच थांबावे लागे. म्हणजे मराठ्यांची जहाजे लहान होती हे केवळ त्यांचे दौर्बल्य नव्हते. आपला किनारा, आपले वारे आणि आपली ऐपत ओळखून केलेली ती निवड होती. अर्थात खुल्या महासागरात मोठ्या तोफांच्या जहाजांशी सामना देण्यास ही रचना अपुरी पडे, हेही विसरून चालणार नाही.

ही जहाजे चालविणारे लोक कोकणचेच होते. कोळी, भंडारी, गाबीत, आगरी तसेच मुसलमान दर्यावर्दी हे सर्व एकाच शिडाखाली राबत. आरमाराचे दोन नामांकित अधिकारी मायनाक भंडारी व दौलतखान यांची नावेच हे सांगतात. लाय पाटील नावाच्या कोळी पुढाऱ्याविषयी एक आख्यायिका आहे. जंजिऱ्याच्या तटास रात्री शिड्या लावण्याचे साहस त्याने केले, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय करावयाची, असे त्याने नम्रपणे म्हटले. तेव्हा महाराजांनी ‘पालखी’ नावाचे एक गलबतच त्याला बांधून दिले. आख्यायिका असली तरी राजा आणि खलाशी यांच्यातील नाते ती उत्तम दाखविते.

जलदुर्ग आणि आरमार एकमेकांस कसे तारतात, हे १६७९ साली खांदेरीच्या बेटावर दिसून आले. मुंबई बंदराच्या दक्षिणेस थळगावासमोर हे लहानसे बेट आहे. तेथे किल्ला झाला तर मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर मराठ्यांची नजर राहील आणि सिद्दीच्या हालचालींसही पायबंद बसेल. म्हणून महाराजांनी त्या पावसाळ्यात मायनाक भंडाऱ्यास बेटावर पाठवून तट बांधावयास लावला. इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची कोंडी केली. परंतु रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, मराठ्यांच्या होड्या दगड, दाणागोटा व माणसे पोहोचवीतच राहिल्या. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाने आपल्या गलबतांसह इंग्रजांवर चाल केली. ‘डव्ह’ नावाचे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती पडले. कॅप्टन केग्विन याच्या ‘रिव्हेंज’ जहाजाने मात्र निकराचा प्रतिकार केला व मराठी नौकांना मागे हटावे लागले. तरीही खांदेरीचे काम थांबले नाही. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह करून माघार घेतली. सिद्दीने जवळच्या उंदेरी बेटावर आपले ठाणे घातले, ही गोष्ट मराठ्यांना पुढे पुष्कळ वर्षे सलत राहिली. जंजिरा तर त्यांना बळाने कधीच घेता आला नाही. शिवाजी महाराजांचे प्रयत्न फसले, संभाजी महाराजांनी घातलेला वेढाही मोगली आक्रमणामुळे उठवावा लागला. इतिहासात यशाबरोबर अपयशही वाचावे लागते.

महाराजांच्या पश्चात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात आरमाराविषयी स्वतंत्र विवेचन आहे. आरमार हे राज्याचे एक निराळेच अंग आहे, असा त्याचा अभिप्राय. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा. आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरांच्या जकातीवर सोपवू नये, कारण तसे केल्यास आरमारी लोक सावकारांना छळतील आणि बंदरे ओस पडतील. पावसाळ्याची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, म्हणजे तेथील रयतेस उपद्रव होणार नाही. असे अत्यंत व्यवहारी नियम त्यात आहेत. जहाजांच्या लाकडाविषयीही सूचना आहे. सागवानादी लाकूड परवानगीने तोडावे, पण आंबा, फणस अशी रयतेची झाडे जबरीने तोडू नयेत. कारण ती लेकरांप्रमाणे वाढविण्यास पुष्कळ वर्षे लागतात.

सागवानाचा उल्लेख आल्यावर आदिलाबादच्या वाचकाचे लक्ष सहजच वेधले जाईल. आपल्या रानात उभे असणारे हेच झाड जहाजबांधणीत श्रेष्ठ मानले जाते. त्यातील तेलामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, ते पाण्यात लवकर कुजत नाही, आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे विलायती ओकच्या लाकडाप्रमाणे गंजून जात नाहीत. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. मराठ्यांची सागवानी जहाजे मात्र कोठेही उरली नाहीत. त्यांचे काय झाले, हा या लेखाचा शेवटचा व दुःखद भाग होय.

त्याआधी कान्होजी आंग्र्यांचे स्मरण करणे प्राप्त आहे. औरंगजेबाच्या स्वारीच्या धामधुमीत किनारा ज्याने राखला तो हा पुरुष. १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि ते सरखेल म्हणजे नौसेनापती झाले. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले. पोर्तुगीज जो परवाना इतरांना घ्यावयास लावीत, तोच आता कान्होजी देऊ लागले. त्यांच्या दस्तकावाचून जाणारे जहाज ते पकडीत. इंग्रजांनी त्यांस चाचा म्हटले. परंतु जो हक्क पोर्तुगिजांनी दोनशे वर्षे गाजवला, तो येथल्या भूमीच्या सेनापतीने गाजवताच चाचेगिरी कसा ठरतो, याचा विचार विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर केलेला हल्लाही फसला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, त्यांनाही परतावे लागले. कान्होजी १७२९ साली वारले तेव्हा त्यांचा एकही मोठा किल्ला शत्रूच्या हाती गेलेला नव्हता.

त्यानंतर जे घडले ते परक्यांच्या पराक्रमाने घडण्यापूर्वी घरातील कलहाने घडले. थोरला मुलगा सेखोजी १७३३ साली वारला आणि भावाभावांत वाद पेटला. मानाजीकडे कुलाबा व संभाजीकडे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग अशी वाटणी झाली. एक आरमार दोन झाले. संभाजीमागून तुळाजी आला. तो शूर होता, पण कोणाचे ऐकणारा नव्हता. त्याने पेशव्यांची आज्ञा मानली नाही, शेजारच्या मुलखास उपद्रव दिला, आणि आज्ञापत्राने जे टाळावयास सांगितले होते तेच, म्हणजे व्यापाऱ्यांचा छळ, त्याच्या हातून घडला. त्याचे पारिपत्य करणे पेशव्यांना आवश्यक वाटले यात नवल नाही. परंतु त्यासाठी त्यांनी जो मार्ग पत्करला तो घातक होता. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली इंग्रजांशी करार करून त्यांचे आरमार आपल्याच सरखेलावर आणविले. त्याच वर्षी कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. तुळाजी त्या वेळी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करीत होता. त्याची जहाजे खाडीत एकमेकांस बांधून उभी होती. इंग्रजांचा एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. त्याच्यापासून दुसऱ्याने, दुसऱ्यापासून तिसऱ्याने पेट घेतला, आणि पाहता पाहता आरमाराची राख झाली. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला. इंग्रजांना सुमारे १० लक्ष रुपयांची लूट मिळाली. ती त्यांनी आपसांत वाटून घेतली. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला.

या घटनेचा अर्थ पुढच्याच वर्षी उघड झाला. विजयदुर्गाचे काम आटोपून वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी बंगालची वाट धरली. १७५७ च्या आरंभी त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि २३ जून रोजी क्लाइव्हने प्लासीची लढाई जिंकली. पश्चिम समुद्रावर त्यांना अडविणारे जे एक बलवान आरमार होते, ते त्याच दोघांच्या हातून आणि आपल्याच राज्यकर्त्यांच्या संमतीने जळाले होते. पुढे पेशव्यांनी विजयदुर्गास आनंदराव धुळपांच्या हाताखाली आरमार पुन्हा उभारले. १७८३ साली धुळपांनी रत्नागिरीजवळ ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज मोठ्या शौर्याने जिंकले. पण तोवर समुद्राचे धनीपण हातचे गेले होते. १८१८ साली राज्य गेले, आणि आरमाराचे उरलेसुरले नावही त्याबरोबर गेले.

स्वतंत्र भारताने ही परंपरा पुन्हा जागविली आहे. लोणावळ्याच्या नौदल प्रशिक्षण केंद्रास शिवाजी महाराजांचे, तर मुंबईतील नौदल तळास आंग्र्यांचे नाव आहे. २०१९ साली नौदलात दाखल झालेल्या एका पाणबुडीचे नाव ‘खांदेरी’ आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाने जे नवे निशाण स्वीकारले, त्यातील अष्टकोनाची कल्पना महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. २०२३ साली नौदल दिन सिंधुदुर्गाजवळ साजरा झाला, आणि २०२५ साली खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे किल्ले इतर आठ किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेले.

हा गौरव योग्यच आहे. तथापि गौरवाने तट बांधला जात नाही. सिंधुदुर्ग बांधण्यास तीन वर्षे लागली. आरमार जमविण्यास शंभर वर्षे लागली. ते जळण्यास एक दिवस पुरला. जहाज जमते ते लाकूड, लोखंड, दोरखंड, सुतार, खलाशी, सावकाराचा विश्वास आणि राजाची दूरदृष्टी या सर्वांच्या एकीने. यांपैकी एकच धागा तुटला की बाकीचे आपोआप सुटू लागतात. मराठ्यांच्या आरमारात शौर्याचा धागा शेवटपर्यंत मजबूत होता. तुटला तो एकीचा. समुद्र पाहिला नसला तरी हे समजण्यासारखे आहे, कारण वर्ग, गाव आणि देश यांनाही हाच नियम लागू पडतो.